सीएनजीवर गाडी मिसिंग मारतेय, पेट्रोलवर एकदम मख्खन. स्पार्क प्लग घरीच बदलू का?

मुलुंड_पूर्व | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची, तीन सिलेंडर पेट्रोल, कंपनी फिटेड सीएनजी, ९४ हजार किमी झालेत. कोणती कंपनी कोणतं मॉडेल ते मुद्दाम लिहीत नाही, मागच्या वेळी लिहिलं तर प्रश्न राहिला बाजूला आणि चाळीस रिप्लाय नुसते ब्रँडच्या भांडणाचे.

तर झालंय असं की गेले पंधरा दिवस सकाळी स्टार्ट केली की एक-दोन मिनिटं थरथरते, म्हणजे डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईल सरकतो इतकी, मग शांत होते. मला रोज मुलुंडवरून अंधेरीच्या सीप्झला जायचं असतं, जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) फ्लायओव्हर चढताना तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली की झटके, जणू मागून कोणीतरी बंपर धरून ठेवलाय. तेवढ्यात बटण दाबून पेट्रोलवर घेतली की गायब. मायलेज पण पडलंय, गॅसच्या लाईनीत आधी आठवड्यातून दोनदा उभा राहायचो आता तीनदा.

परवा चढावर चेक इंजिन लाईट लुकलुकली आणि मग पेटूनच राहिली. घराजवळच्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं, काहीही न खोलता सांगितलं की तिन्ही कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या) गेल्यात, वर थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर क्लिनिंग, सगळे मिळून ११ हजार. मी म्हटलं प्लग बघा आधी, तर म्हणाला प्लग तर बदलूच, ते वेगळे.

मी गाडी ६१ हजार किमीला सेकंडहँड घेतली, माझ्या हातात आल्यापासून प्लग बदललेले नाहीत, आधीच्या मालकाच्या बिलांतही उल्लेख नाही. अजून एक, तीन आठवड्यांपूर्वी सर्व्हिस स्टेशनला प्रेशरने इंजिन धुवून घेतलं होतं, त्याचा काही संबंध आहे का? एअर फिल्टर, बॅटरी, वायपर एवढं मी स्वतः करतो. प्लग घरी जमेल का? सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, फक्त सेक्रेटरी काकांची नजर चुकवायला लागेल.

तिसरा_गिअर | सोमवार, रात्री ११:४१

ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा प्रताप आहे हा सगळा. सगळ्यांच्या गाड्या अशाच झाल्यात. काही करू नको, पैसे वाया जातील.

प्लगवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

तिसरा_गिअर भाऊ, त्याची गाडी पेट्रोलवर नीट चालतेय आणि सीएनजीवर झटके मारतेय, मग त्यात इथेनॉल आलं कुठून? इथेनॉलच्या नावाने शंख करायला वेगळा धागा आहे, तिथे मी पण येतो.

मुलुंड_पूर्व, तुझ्याच लिहिण्यात अर्धं उत्तर आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. प्लगच्या टोकाची फट झिजून वाढलेली असली किंवा कॉइल, प्लग, कॉइलचं रबर (प्लगवर बसणारी नळी) यातलं काहीही कमजोर असलं की पेट्रोल कसंबसं पेटतं, गॅस पेटत नाही. म्हणून सीएनजी गाडीत इग्निशनचा आजार नेहमी गॅसवर आधी दिसतो. त्यातून चढावर, म्हणजे लोड आल्यावर, सिलेंडरमधलं प्रेशर वाढतं आणि ठिणगीला उडी मारायला अजून जोर लागतो. तुझी दोन्ही लक्षणं त्यात बसतात. उलट उभी असताना हलते आणि रेस दिल्यावर गुळगुळीत होते असं असतं तर मी आधी हवा कुठून आत घुसतेय ते बघितलं असतं, नाहीतर व्हॉल्व्ह. सीएनजीवर लाखभर चाललेल्या गाड्यांत व्हॉल्व्ह सीट बसत जाऊन व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन पडतं, असंही होतं. पण ते नंतरचं.

आता महत्त्वाचं. चेक इंजिन लाईट नुसती पेटली तर दोन दिवस थांबलं तरी चालतं. लुकलुकायला लागली की पाय काढायचा. लुकलुकते म्हणजे न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेला लागलंय, ते धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. कन्व्हर्टरची किंमत काढलीस तर ते ११ हजार स्वस्त वाटतील. तोवर पेट्रोलवर चालव, दाबू नको.

आणि पार्ट विकत घ्यायच्या आधी कोणता सिलेंडर ते शोध. एप्रिल २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी टू (गाडीच्या कॉम्प्युटरकडून बिघाडाचे कोड वाचायची सोय) आहे, स्टीअरिंगच्या खाली डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी १६ पिनांचं सॉकेट असेल. ब्लूटूथवाला छोटा अडॅप्टर लॅमिंग्टन रोडला नाहीतर ऑनलाईन मिळतो, मोबाईलवर अ‍ॅप टाक आणि कोड वाच. पी०३०० आला तर कुठेही-कधीही मिस होतंय, म्हणजे इंधन पेटायचं चुकतंय, पी०३०१, पी०३०२, पी०३०३ आला तर शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडर नंबर. कोड लगेच पुसू नको, आधी स्क्रीनशॉट काढ. बॅटरी काढलीस तरी पुसला जाईल.

मुलुंड_पूर्व | बुधवार, रात्री ९:५०

धन्यवाद प्लगवाला भाऊ. ऑफिसातल्या एकाकडे अडॅप्टर होता. पी०३०२. फक्त तोच एक.

मग कॉइल का प्लग? आणि दोन नंबर म्हणजे मधलाच ना, तीनात मधला कुठूनही मोजला तरी मधलाच 😄

प्लगवाला | बुधवार, रात्री १०:१५

हो तुझं नशीब. चार सिलेंडरवाल्यांसाठी सांगतो, आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत एक नंबर टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो, तरी मॅन्युअल बघा.

एक पैसा खर्च न करता कळेल. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर लाव, तीनची दोनवर. कोड पूस आणि गॅसवर त्याच चढावरून आण. पी०३०३ आला तर कॉइलबरोबर आजार सरकला, कॉइल गेली. पी०३०२ च आला तर कॉइल निर्दोष सुटली, मग एक आणि दोनचे प्लग आपसात बदल. कोड प्लगबरोबर गेला तर प्लग. आणि दोन्ही बदलूनही तो दोनलाच चिकटून बसला तर गॅसचा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. तुला गॅरेजवाला तीन कॉइल विकत होता, त्यातल्या किती खरंच गेल्यात ते तुला स्वतःलाच कळेल.

कळवा_ते_कुलाबा | बुधवार, रात्री ११:०२

मी दोनदा घरी बदललेत, एकदा आमच्या जुन्या गाडीचे आणि एकदा भावाच्या. जमतं, घाई मात्र करायची नाही. मी जे शिकले ते लिहिते, काही गोष्टी चुकून शिकलेय.

इंजिन पूर्ण गार पाहिजे. म्हणजे रात्रभर उभी, सकाळी काम. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे सोबत घेऊन बाहेर येतो. बॅटरीची मायनस काढ. कॉइलवर एकेक बोल्ट असतो, बऱ्याच गाड्यांत १० ची गोटी (सॉकेट) लागते, आणि कनेक्टरचं लॉक आठ-नऊ वर्षांनी बिस्किटासारखं झालेलं असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटू नको, अंगठ्याने दाबून हळू हलव. भावाच्या गाडीचं मी तोडलं, अजून झिप टायवर आहे.

कॉइल काढताना सरळ ओढायची नाही, आधी जागच्या जागी थोडी डावी-उजवी फिरवायची, रबर चिकटलेलं असतं ते सुटतं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, प्लगला हात लावायच्या आधी त्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल भोकात) टॉर्च मारून बघ. खडे, पानांचा चुरा, धूळ, कधी पाणी, कधी ऑईल. प्लग काढला की हे सगळं थेट सिलेंडरमध्ये. आमच्याकडे कॉम्प्रेसर नाही, मी मुलाच्या सायकलचा पंप वापरते, नळी आत घालून दहा-बारा वेळा जोरात. डोळे लांब ठेव, पहिल्या फटक्यात सगळी धूळ तोंडावर येते.

प्लगची गोटी वेगळी मिळते, आत रबर किंवा मॅग्नेटवाली, १६ किंवा १४ ची, तुझ्या प्लगप्रमाणे. वर लांब एक्स्टेन्शन. साध्या गोटीने प्लग सुटतो पण वर येत नाही, आणि मग विहिरीत चिमटा घालून बसावं लागतं.

नवा प्लग बसवताना रॅचेट बाजूलाच ठेव. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा आणि नळीने फिरवत आटे धरायचे. तिरका गेला तर नळीच घसरते, हेडचं काही बिघडत नाही. पाच-सहा फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर उलटा फिरवून परत सुरुवात.

काळीपिवळी_काका | गुरुवार, सकाळी ६:३०

ताई फार छान लिहिलंत. नळीची युक्ती आम्ही फियाटला करायचो.

मी २२ वर्षं टॅक्सी चालवली, जास्त करून प्रीमियर पद्मिनी, म्हणजे फियाटच, ती बनायची पण कुर्ल्यालाच. पावसात हिंदमाताला पाण्यातून काढली की फड-फड-फड करून बंद. खाली उतरायचं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, बनियनने आतून पुसायची, सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाने पॉइंट घासायचे, निघाली गाडी. कोणता सिलेंडर मरतोय ते बघायला चालू इंजिनवर एकेक वायर उपटायची. जी काढल्याने इंजिनच्या आवाजात काही फरक पडला नाही तोच मेलेला. वायरी परत लावताना सिलेंडर पेटायचा क्रम १-३-४-२ तोंडपाठ. रात्री अंधारात बोनेट उघडून वायरींवर पाणी शिंपडलं तर निळ्या ठिणग्या नाचताना दिसायच्या, तिथे वायर फुटलेली.

पोरांनो हे सगळं आता करायचं नाही. आताच्या कॉइलमध्ये २५-३० हजार व्होल्ट आणि वर कॉम्प्युटर. चालू गाडीवर कॉइल उपटलीत तर झटका तुम्हालाही आणि त्या कॉम्प्युटरलाही. माझ्या जावयाने केलं, हात झणझणला तो अर्धा दिवस. आमची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, ती पद्धत पण तिच्याबरोबर जाऊ दे.

नाकासमोर | गुरुवार, दुपारी १:१०

एवढं सगळं वाचून जोश आला असेल तर माझी गोष्ट ऐक. मी स्वतः नाही केलं, गॅरेजमध्ये दिली होती, नाव सांगत नाही. पोऱ्याने गरम इंजिनवर लांब पाना लावून प्लग कसला, तोही तिरका. तीन महिन्यांनी हायवेवर फाट करून आवाज, प्लग आट्यांसकट हेडमधून बाहेर आला आणि कॉइल बोनेटला आतून आपटली. हेड काढून हेलीकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवली, गाडी नऊ दिवस आत. तेव्हा घरी करतोय म्हणून घाबरू नकोस, गॅरेजवाला म्हणून बिनधास्तही राहू नकोस. फक्त जोर किती लावायचा ते आधी शिक.

प्लगवाला | गुरुवार, दुपारी १:४८

बरोबर. जोराचं सांगतो. १४ मिलिमीटर आट्यांचा वायसरवाला प्लग असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडला साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ चा असेल तर १५ ते २०, १० चा असेल तर १० ते १२. हे बहुतेकांना पुरतं तरी मॅन्युअलमधला आकडा असेल तर तोच. टॉर्क पाना (जोर मोजून कसणारा) नसला तर १४ चा नवा प्लग बोटांनी वायसर टेकेपर्यंत, मग पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आतच, वायसर चेपताना हाताला कळतं. जुना प्लग परत लावत असशील तर वायसर आधीच चेपलेला असतो, तिथे घड्याळातला एक तास एवढंच. अदलाबदलीच्या टेस्टला हेच लक्षात ठेव.

आट्यांना ग्रीस, ऑईल, तांब्याची पेस्ट काही लावायचं नाही. चांगल्या प्लगच्या आट्यांवर आधीच कोटिंग असतं, वर पेस्ट लावली की तोच पाना जास्त कसला जातो आणि वर नाकासमोरने सांगितलं तसं होतं.

प्लग घेताना नंबर अक्षरशः जुन्याशी नाही, मॅन्युअलशी जुळव. आधीच्या मालकाने काय लावलंय देव जाणे. एनजीके कंपनीच्या नंबरात शेवटी ११ असेल तर फट १.१ मिलिमीटर. मधला आकडा हीट रेंजचा, म्हणजे प्लग उष्णता किती बाहेर टाकतो त्याचा, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा वाढला की गरम. दुकानदार "हा पण चालतो साहेब" म्हणाला तर हे आठव. आणि खोके बघून भुलू नको, नकली प्लग भरपूर फिरतात. ज्याच्याकडे बिल मिळतं तिथूनच घे.

इरिडियम घ्यायचा का विचारशील म्हणून आधीच सांगतो. साधा निकेलचा ३०-४० हजाराला बदलायचा, इरिडियम लाखाच्या आसपास जातो, पण सीएनजीवर दोघांचंही आयुष्य कमी धर. तुझ्या मॅन्युअलमध्ये निकेल असेल तर निकेलच लाव आणि वेळेवर बदल.

मुलुंड_पूर्व | शनिवार, दुपारी ३:३०

रिपोर्ट. शुक्रवारी सकाळी कॉइल बदलून ऑफिसला गेलो, गॅसवर. परत पी०३०२. म्हणजे कॉइल सुटली. आज सकाळी सातला प्लगला हात घातला.

विहिरीत टॉर्च मारली तर एक आणि तीन कोरड्या, दोनमध्ये तळाला गंजाचा पिवळट डाग आणि पाणी वाळल्यावर राहतो तसा पांढरा कड. ते इंजिन धुणं!! सायकल पंप मारला, ताई तुम्ही सांगितलं होतं तरी तोंडावर घेतलीच धूळ.

एक आणि तीन सुटले आरामात. दोन नंबर मात्र हलेना. तिथे मला घाम फुटला कारण नाकासमोरचं वाचून झोपलो होतो. रॅचेटला जोर लावला तर पूर्ण पाना वाकतोय असं वाटायला लागलं. मग थांबलो, गंज सोडवायचं तेल दोन थेंब सोडलं, जाऊन चहा मारला, अर्ध्या तासाने आलो, पाव फेरा सोडवला, परत कसला, परत सोडवला, असं पुढे-मागे करत शेवटी "कटक" आवाज झाला आणि निघाला. तो आवाज ऐकून मला वाटलं गेले आटे, पण नाही, गंजच सुटला.

तिन्ही वर्तमानपत्रावर मांडलेत. एक आणि तीनची टोकं फिकट तपकिरी, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. दोनचं टोक काळसर, कोरडी काजळी, बोटाला लागते. फट मोजली फिलर गेजने, तिन्ही १.४ च्या वर, मॅन्युअलमध्ये १.१ आहे. आणि दोनच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खाली षटकोनापर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ आहे, नखाने जात नाही. एक आणि तीनवर तशी नाही, पण षटकोनाच्या वर गोल तपकिरी डाग तिन्हींवर आहे. तो काय, गॅस लीक आहे का?

एवढ्यात सेक्रेटरी काका आले. "हे काय चाललंय पार्किंगमध्ये?" मी म्हटलं प्लग. ते बसलेच शेजारी स्टूल घेऊन, अर्धा तास त्यांच्या लॅम्ब्रेटाच्या गोष्टी.

प्लगवाला | शनिवार, दुपारी ४:०५

शाबास. टेस्टसाठी प्लग अदलाबदल करायची गरज उरली नाही, तुझा चोर सापडला.

गोल तपकिरी डाग विसर, त्याला कोरोना डाग म्हणतात, हाय व्होल्टेजमुळे आसपासच्या हवेतले ऑईलचे कण चिकटतात, लीक नाही काही. अर्धे गॅरेजवाले तो दाखवून प्लग विकतात.

पेन्सिलची रेघ मात्र खरी. विहिरीत पाणी राहिलं, ठिणगीला खाली १.४ ची फट ओलांडण्यापेक्षा बाहेरून ओल्या चिनीमातीवरून खाली उतरणं सोपं वाटलं, ती तशी उतरली, आणि उतरताना कार्बनची रेघ मारून गेली. आता पाणी वाळलं तरी ती रेघ म्हणजे तिच्यासाठी कायमची पायवाट. दोनचा सिलेंडर म्हणून अर्धवट जळत होता आणि टोकाला काजळी. टोकाला ४५० अंशांच्या वर तापमान मिळालं तरच काजळी आपोआप जळते, तिथे तर पेटतच नव्हतं. विहिरीत ऑईल असतं तर टॅपेट कव्हरचे सील बदलायला सांगितले असते, तुझं पाणी आहे, सुटलास.

एक काम कर. दोनवर जी कॉइल आधी होती तिच्या रबराच्या नळीत आत टॉर्च मारून बघ. रेघ बहुतेक वेळा दोन्हीकडे उमटते.

मुलुंड_पूर्व | शनिवार, रात्री ८:४०

तुमचा रिप्लाय उशिरा बघितला, तोवर नवीन तीन प्लग लावून सगळं परत बंद करून टाकलं होतं. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून बिलासकट आणले. फट तिन्हींची मोजूनच लावली, एक १.० निघाला, टोक हलकंच वर करून १.१ केला. स्टार्ट केली तर काय सांगू, डॅशबोर्डवरचा मोबाईल हललाच नाही. कॉइलचं रबर उद्या बघतो.

कळवा_ते_कुलाबा | शनिवार, रात्री ९:१२

अभिनंदन! रबर उद्या बघतो म्हणू नकोस, आत्ता बघ 😄

मुलुंड_पूर्व | बुधवार, रात्री १०:३०

ताई, ऐकायला पाहिजे होतं.

सोमवार-मंगळवार गाडी पळाली. आज जेव्हीएलआरवर पाऊस, त्याच चढावर गॅसवर परत हलका झटका, लाईट पेटली नाही पण अ‍ॅपमध्ये पेंडिंग कोड पी०३०३. मला आधी कळेचना, तीन नंबर तर ठणठणीत होता, प्लगही नवा. मग ट्यूब पेटली, शुक्रवारी टेस्टसाठी दोनची कॉइल तीनवर लावली ती मी परत जागेवर आणलीच नाही. म्हणजे रेघवालं रबर आता तीनवर बसलंय.

घरी येऊन काढली. रबराच्या आत टॉर्च मारली, अगदी तळाच्या कडेला तशीच काळी रेघ, आणि एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, कडा जळून पांढऱ्या झालेल्या. नव्या प्लगवर पण पुसट रेघ यायला लागलीय, चार दिवसांत!

प्लगवाला | बुधवार, रात्री १०:५२

म्हणून म्हटलं होतं दोन्हीकडे उमटते. रेघवाल्या रबरात नवा प्लग घातला तर तो पण बाटतो, उलटंही तसंच. कोरड्या हवेत कॉइल टेस्टमध्ये पास झाली, पावसाळी हवेत आणि लोडवर नापास. माझीही चूक, मी कॉइल सुटली असं म्हणताना रबर वेगळं धरायला सांगायला हवं होतं.

बऱ्याच कॉइलचं रबर आणि आतली स्प्रिंग वेगळी मिळते, अख्खी कॉइल घ्यायची गरज नाही. तुझ्या कॉइलचा नंबर घेऊन विचार. नव्या रबराच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं) ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लाव, प्लगच्या धातूच्या टोकाला नको. आणि तीन नंबरचा तो प्लग बदलच, हळहळू नको.

मुलुंड_पूर्व | शनिवार, दुपारी १२:१५

झालं. रबर वेगळं मिळालं, एक प्लग परत घेतला, दुकानदार हसला मला बघून. आज मुद्दाम गॅसवर, एसी लावून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चढवली, दोनदा. काही नाही. कोड नाही, पेंडिंगही नाही. एकूण खर्च प्लग, रबर, गोटी आणि ग्रीस धरून अठराशेच्या आत, त्यात गोटी कायमची झाली. पुढच्या आठवड्यात पीयूसी आहे, मिसिंगमध्ये नेली असती तर हायड्रोकार्बनवर नक्की अडकली असती.

जुने एक आणि तीन नंबरचे प्लग ठेवू का डिकीत, इमर्जन्सीला?

काळीपिवळी_काका | शनिवार, दुपारी १२:४०

ठेव. फट ठोकून बरोबर करून ठेव, आणि गोटी पण त्याच्याबरोबरच ठेव, नाहीतर प्लग डिकीत आणि गोटी घरी. इंजिन धुवायचं असेल तर परत प्रेशरने नको, ओल्या फडक्याने.

मी_मुंबईकर_९१ | शनिवार, दुपारी २:०३

माझी पण सेम लक्षणं आहेत, थंडीत थरथरते आणि चढावर पिकअप नाही. प्लग कोणता घेऊ? गाडी डिझेल आहे.

प्लगवाला | शनिवार, दुपारी २:१०

डिझेलला स्पार्क प्लग नसतो भाऊ. ग्लो प्लग असतो, तो वेगळा. नवीन धागा काढ, तिथे बोलू.